भाकरी चालते, गिरणी चालत नाही

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचा रात्री साडेदहाला फोन आला. मुलाच्या बायोप्सीचा अहवाल हातात, त्यात सीलिॲक या आजाराचं निदान, डॉक्टरांनी "आता आयुष्यभर गहू बंद" एवढंच सांगितलेलं, आणि ओट्यावर सकाळच्या डब्यासाठी मळून ठेवलेली कणीक. "हिचं आता काय करू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हटलं, उद्या तुम्ही दोघं पोळ्या खा, त्याला साधं वरण-भात-तूप द्या. वरणात हिंग नको, भातावर मेतकूट नको. का ते परवा भेटल्यावर सांगते.

परवा आम्ही दोन तास बोललो. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण पुण्यात असे फोन आता वरचेवर येतात. आमच्या घरी हे निदान चार वर्षांपूर्वी झालं, लेक तेव्हा सात वर्षांची होती. मी डॉक्टर नाही. औषधाचं डॉक्टरांना विचारा, पिठाचं मला विचारा.

आधी आजार समजून घ्या, थोडक्यात

सीलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. वजन उतरवायला लोक हल्ली जे "ग्लुटेन सोडतात", त्याचा तर याच्याशी काही संबंध नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक चिवट होते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो, ते त्याच्यामुळे. काही जणांच्या शरीरातली संरक्षणव्यवस्था हे ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातून अन्नरस शोषला जातो. ती लव झिजून सपाट होते. मग "खाल्लेलं अंगी लागत नाही" हे आपलं घरगुती वाक्य अक्षरशः खरं ठरतं.

जुलाब आणि फुगलेलं पोट ही पुस्तकातली लक्षणं. आमच्या लेकीला जुलाब कधी झालेच नाहीत. तिची उंची थांबली होती, हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं, आणि दोन वर्षं आम्ही लोहाची औषधं बदलत बसलो होतो. कुणाला उलट बद्धकोष्ठ असतं, कुणाचं सारखं तोंड येतं, कुणाची पाळी उशिरा सुरू होते, कुणाची हाडं ऐन तारुण्यात ठिसूळ निघतात, कुणाला कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात. टाइप 1 मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत सीलिॲक जास्त आढळतो.

गव्हाचा हा उद्योग ओळखला तो विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि एरवी अशा काळात मुलं खंगतात तिथे त्यांच्याकडची सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली.

आपल्याकडे "हा पंजाबी लोकांचा आजार" असं अजून म्हणतात. उत्तर भारतात गहू जास्त खातात आणि तिथे झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो आढळला, हे खरं. पण पुण्यातल्या घरांत आता दोन्ही वेळेला पोळी आणि मधल्या वेळेला बिस्किट असतं. आमच्या आजोळी पोळी सणालाच व्हायची.

तपासण्या पुऱ्या होईपर्यंत पोळी बंद करू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कुणीतरी सांगतं, "महिनाभर गहू सोडून बघ." बरं वाटतं. मग तपासणी करायला जावं तर अहवाल निगेटिव्ह, कारण गहू बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) उतरतात आणि आतडंही भरून यायला लागतं. मग डॉक्टर सांगतात, पुन्हा काही आठवडे गहू खा आणि मग या. ते आठवडे फार वाईट जातात.

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी आयजीए, म्हणजे या आजारातली प्रतिपिंडं मोजायची. तिच्याबरोबर एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्यावं लागतं, कारण काही जणांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिला आकडा खोटा दिलासा देतो. त्यापुढे पोटविकारतज्ज्ञ एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे तपासायला काढतात, हीच बायोप्सी. मुलांमध्ये टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या रक्ततपासणीने खात्री करून बायोप्सी टाळता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. एंडोस्कोपीला घाबरू नका. लेकीला भूल दिली होती, दुपारी घरी येऊन तिने दहीभात खाल्ला.

सगळे अहवाल एका फाइलमध्ये ठेवा. पहिला टीटीजीचा आकडा पुढे दर वेळी लागतो.

घरातल्या बाकीच्यांचं रक्त तपासा

आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक. तक्रार नसली तरी तपासायचं. माझा आणि मुलाचा अहवाल निगेटिव्ह आला. नवऱ्याचा पॉझिटिव्ह. वीस वर्षं त्याचं महिन्याआड तोंड यायचं आणि वीस वर्षं आम्ही सगळे त्याला "उष्णता" म्हणत सब्जा पाजत होतो.

पहिला आठवडा: दुकानात जाऊ नका

निदान झालं की माणूस आधी महागड्या दुकानात जातो आणि "ग्लुटेन फ्री" लिहिलेली बिस्किटं, पास्ता, ब्रेड असं काहीबाही घेऊन येतो. आम्हीही आणलं होतं. त्यातला ब्रेड लेकीने एक घास खाऊन बाजूला सारला, आणि तिचं बरोबर होतं.

आपल्या जेवणाकडे जरा बघा. इंद्रायणीचा मऊ भात, वरण, आमटी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी, दही-ताक, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पिठलं. सकाळी पोहे, तांदळाची उकड, मुगाची धिरडी, आंबोळी, घावन, इडली. मांसाहार करत असाल तर मटण, मासे, अंडी सगळं चालतं. मासे रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवून तळायचे. गोडाला तांदळाची खीर, श्रीखंड, बासुंदी, नारळाच्या वड्या, उकडीचे मोदक. आणि उपवासाचं अख्खं ताट: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा. दिल्ली-लुधियानाच्या आयांचं पहिलं वर्ष कसं जात असेल याचा विचार करते तेव्हा आपल्याकडे ज्वारी आहे याचं मला फार बरं वाटतं.

भाकरी थापता येत नसेल तर शिका. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालून चांगलं मळायचं, कारण चिकटपणा मळण्यातूनच येतो. पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची भाकरी चिरते आणि दोष आपल्या हाताला जातो. पहिल्या महिन्यात माझ्या भाकऱ्यांचे नकाशे व्हायचे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन शेजारी उभ्या राहायला लागल्या.

आतडं सुजलेलं असतं तेव्हा काहींना सुरुवातीला दूधही पचत नाही. आतडं सुधारलं की बहुतेकांना पुन्हा पचायला लागतं. ओट्समध्ये गव्हाची भेसळ फार सहज होते, म्हणून पहिलं वर्ष ते बाजूला ठेवा आणि पुढे डॉक्टरांना विचारून बघा.

मग येते गिरणी

आपल्या मराठी घरात सीलिॲकची अडचण ताटात कमी आणि गिरणीत जास्त आहे. मला हे कळायला आठ महिने लागले. पोळी बंद, बिस्किट बंद, सगळं काटेकोर, आणि तरी लेकीचा टीटीजी उतरायचं नाव घेईना. शेवटी आहारतज्ज्ञांनी विचारलं, "ज्वारी कुठे दळता?"

कोपऱ्यावरच्या गिरणीत, आणखी कुठे.

गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. दगडांच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, काकांच्या भुवयांवरसुद्धा गव्हाचं पीठ असतं. त्यावर आपली ज्वारी टाकली की पहिलं शेर-दीड शेर पीठ मिश्रच निघतं, आणि पुढचंही स्वच्छ असेल याची खात्री नाही. आमचे गिरणीवाले काका भले माणूस. म्हणाले, "ताई, रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं दळण तुमचं टाकतो, आधी दोन मुठी तांदूळ फिरवून घेतो." पण आदल्या रात्रीचा गहू तिथेच असतो, दोन मुठी तांदळाने तो जात नाही.

किती गहू चालतो? रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा होते. एका पोळीत ढोबळमानाने दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन धरा, म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. नखाएवढा तुकडा. गिरणीच्या पिठात तेवढं सहज येतं.

यावर माझ्या माहितीत खरा उपाय एकच, घरघंटी. नवीनच घ्या. कुणी वापरलेली स्वस्तात देत असेल तर तिच्यात गहू दळलेला असणार, जाळ्या कितीही धुतल्या तरी मन साशंक राहतं. खर्च मोठा आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मिळून एक घेतली आहे आणि ती ज्या घरात गहू येतच नाही तिथे ठेवली आहे. तेही जमत नसेल तर तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरवर दळता येतो. नाचणीचंही थोडं थोडं जमतं. किंवा ग्लुटेन फ्री असं स्पष्ट छापलेलं पाकीटबंद पीठ घ्या.

धान्य मार्केट यार्डातून आणा नाहीतर नेहमीच्या वाण्याकडून, पण अख्खं आणा आणि निवडून घ्या. ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, कारण पोती, मापं, सूप सगळ्यांना एकच. आमच्याकडे रविवारी दुपारी ताटात ज्वारी पसरून निवडायचा कार्यक्रम असतो, गव्हाचा दाणा सापडला की लेक "चोर!" म्हणून ओरडते. निवडल्यावर धुऊन, कडक वाळवून मग दळायचं. बेसनही सुटं आणू नका, हरभऱ्याची डाळ घरीच दळा.

स्वयंपाकघराची वाटणी

घरातले सगळेच गहू सोडत असतील तर हा भाग वाचायची गरज नाही. नवऱ्याचा अहवाल आल्यावर आम्ही घरातून गहू काढूनच टाकला. सासूबाई रविवारी नणंदेकडे जाऊन मनसोक्त पोळ्या खाऊन येतात.

पण बहुतेक घरांत दोन्ही चालतं. मग काही गोष्टी वेगळ्या हव्यातच: पोळपाट-लाटणं, चाळणी, लाकडी चमचे, परात, टोस्टर, भाकरीचा तवा. लाकडाच्या चिरांतलं आणि चाळणीच्या जाळीतलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की चालतात, त्यासाठी वेगळा संसार मांडायला नको. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग मात्र काढून धुवा.

लक्षात न येणाऱ्या जागा: तुपाचं भांडं, कारण पोळीला तूप लावलेला चमचा परत त्यातच जातो. लोणच्याची बरणी. जॅमची बाटली. तळणीचं तेल, ज्यात काल पुऱ्या तळल्या होत्या. आणि हवा. कणीक चाळली की पीठ उडतं आणि बराच वेळ खाली बसत राहतं, म्हणून आधी भाकऱ्या करून झाकून ठेवा, मग कणीक भिजवा. उलटा क्रम नको.

आजारी माणसाचं सामान वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीवर ठेवलं तर वरचं पीठ त्यावर सांडतं.

जिथे गहू लपून बसलेला असतो

पहिला नंबर हिंगाचा. बाजारात मिळणारा बांधणी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. म्हणजे आपण मोठ्या काळजीने केलेल्या बिनगव्हाच्या आमटीत फोडणीतून चिमूटभर मैदा घालत असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, खडा हिंगही मिळतो; लेबल वाचून घ्या. तोवर लसणाची फोडणी.

मेतकूट: पारंपरिक कृतीत तांदूळ आणि डाळींबरोबर थोडे गहू भाजून घालतात. आजारी माणसाला पथ्याचं म्हणून पहिलं तेच वाढलं जातं, यातला विनोद मला अजून पचलेला नाही. घरी बिनगव्हाचं करा, चवीत फारसा फरक पडत नाही.

थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतात. चकलीच्या भाजणीत सहसा नसतात, पण विकतच्या चकलीत मैदा असू शकतो. सातूचं पीठ गहू आणि डाळ्यांचं असतं; शिवाय "सातू" हा शब्द जवालाही वापरतात, म्हणजे दोन्हीकडून वर्ज्य. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. शेवया, रवा, दलिया, लापशी, मैदा, सुजी ही सगळी गव्हाचीच नावं, हे घरातल्या पुरुषमंडळींना एकदा बसवून सांगावं लागतं. आमच्याकडे रवा "वेगळं धान्य" असल्याचं बेचाळीस वर्षं समजत होते.

खपलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिची सध्या चलती आहे. खपली हा जुना, चांगला गहू आहे. आपल्याच शहरातल्या आघारकर संशोधन संस्थेने तिच्या सुधारित जाती तयार केल्या आहेत. पण खपली गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. "खपली पचायला हलकी, सीलिॲकला चालते" असं तुम्हाला दुकानदार सांगेल, नात्यातले कुणी सांगतील, मोबाइलवर येईल. चालत नाही.

तसंच मिलेटचं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून प्रत्येक बेकरीत नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीच्या कुकीज आल्या. उलटून वाचा, बहुतेकदा पहिला घटक मैदा किंवा कणीक असतो आणि नाचणी रंगापुरती. "मल्टिग्रेन" म्हणजे गव्हाबरोबर आणखी काही. दुधात घालायच्या पावडरींमध्ये माल्ट असतं, ते जवाचं. बिअरही जवाची. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे गाडीवरचं चायनीज विसरा, राइस असला तरी.

बेसनाचे लाडू करताना थोडा रवा घालायची पद्धत आहे. डिंकाच्या लाडवात कणीक असू शकते. कोथिंबीर वडीत आणि अळूवडीत काही जणी कणीक घालतात. "तुम्ही यात कणीक घातली आहे का?" हे विचारायची लाज सोडा.

मुलांसाठी एक गोष्ट जी मला शाळेतून कळली: खेळायची रंगीत चिकणमाती पुष्कळदा गव्हाच्या पिठाची असते. लहान मुलं बोटं तोंडात घालतात.

लेबल

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे "ग्लुटेन फ्री" छापायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. पाकिटावर ॲलर्जन वेगळे सांगणंही बंधनकारक आहे, ते घटकांच्या यादीखाली शोधा. "गव्हाचा अंश असू शकतो" असं लिहिलं असेल तर सोडून द्या. काहीच लिहिलं नसेल तर ती वस्तू निर्धोक आहे असं समजू नका. आणि एकदा वाचलं म्हणून कायमचं वाचून झालं असं नाही, कंपन्या घटक बदलत असतात.

बाहेरचं खाणं

पुण्यात राहून मिसळ सोडायची? सोडायची नाही, पण ती घरी करायची. पाव नको म्हटलं तरी फरसाणात मैद्याच्या काड्या असतात. बटाटावडा तसा बेसनाचा, पण त्याच कढईत समोसे पोहतात. भेळेत पुरी, दाबेलीत पाव, बाकरवडीत मैदा. साबुदाणा वडा उपवासाच्या वेगळ्या कढईतला असेल तरच. उडप्याकडे इडली बहुधा चालते, रवा इडली नव्हे. सांबारातल्या हिंगाचं विचारा. डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झाला होता का तेही विचारा. मस्तानी चालते, आइस्क्रीमचा कोन चालत नाही, कपात घ्या.

खानावळीतली भाकरी हा सगळ्यात गोड सापळा. पाटीवर "गरमागरम ज्वारीची भाकरी", आणि आत पीठ गिरणीचं, कधी थापायला सोपी जावी म्हणून मूठभर कणीक मिसळलेली, शेजारच्याच तव्यावर पोळ्या. आम्ही पहिल्या वर्षी एका प्रसिद्ध ठिकाणी विश्वासाने खाल्लं आणि लेक दोन दिवस पोट धरून पडली.

हॉटेलात "ग्लुटेन फ्री" म्हटलं की वेटर डाएट समजतो आणि हसून हो म्हणतो. त्यापेक्षा सरळ सांगा: "हिला गव्हाचा आजार आहे. पीठ लागलेला चमचासुद्धा चालणार नाही. नसेल जमत तर तसं सांगा, आम्ही ताक पिऊन जाऊ." नाही म्हणणाऱ्या हॉटेलवाल्याचा मला राग येत नाही, उलट त्याच्याकडे पुढच्या वेळी विश्वासाने जाते. प्रवासात डबा बरोबरच असतो: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी, राजगिऱ्याची चिक्की.

शाळा

वर्गशिक्षिकेला भेटा आणि एका पानाचं पत्र द्या, मराठीत. काय चालतं, काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय होईल (पोट दुखेल, उलटी होईल, लगेच जीव धोक्यात येईल असं नाही, पण मला फोन करा), आणि वाढदिवसाचा केक आला तर काय द्यायचं. आम्ही वर्गाच्या कपाटात चिक्की आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा ठेवला आहे. डबा वाटून खायची शाळेची चांगली सवय इथे आड येते. त्याला उपाय असा निघाला की लेक इतरांना तिच्यातलं देते, त्यांच्यातलं घेत नाही. तिच्या आंबोळ्यांना आता वर्गात गिऱ्हाईक आहे.

आग्रह

हा सगळ्यात अवघड भाग, आणि याला घरघंटी नाही.

"अगं, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय!" "प्रसाद आहे, प्रसादाने काही होत नाही." "आमच्या वेळी नव्हते हो असले आजार." हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. आपल्याकडे माया ताटात वाढून दाखवतात, आणि ताट परत करणं म्हणजे माया परत करणं. सत्यनारायणाच्या शिऱ्यावरून माझ्या मावससासूबाई माझ्याशी चार महिने बोलत नव्हत्या.

आतडं, प्रतिपिंडं, ग्लुटेन असं समजावून मी थकले. काम झालं ते एका वेगळ्याच वाक्याने, आणि ते सासूबाईंच्या तोंडून निघालं: "तिचा कायमचा उपवास आहे असं समजा." खोलीत शांतता. कारण उपवास सगळ्यांना कळतो. उपवासाच्या खिचडीत आमटीचा डाव बुडवायचा नसतो, उपवासाचं पीठ गिरणीत देताना "गव्हावर टाकू नका हो" असं सांगायचं असतं, आषाढीला चुकून शेव तोंडात गेली तर "थोडीशीच तर होती" असं कुणी म्हणत नाही. वेगळी भांडी, वेगळं तेल, वेगळा चमचा हे सगळं आपल्या आयांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तेव्हापासून मी नव्या घरी हेच सांगते: उपवास आहे, फक्त या उपवासाला मीठ, तांदूळ, ज्वारी, डाळीही चालतात.

गणपतीत दहा घरी जायचं असेल तर लेकीला आधी जेवू घाला आणि तिच्या पर्समध्ये खडीसाखर द्या. सत्यनारायणाला घरी शिरा वरीच्या तांदळाचा करा. आमच्या गुरुजींनी एका क्षणात हो म्हटलं. लग्नाचं बोलावणं आलं की केटररला आदल्या दिवशी फोन करते आणि तरीही डबा नेते.

मूल मोठं होत जाईल तसं त्याला स्वतः विचारायला शिकवा. माझी लेक आता अकराची आहे. परवा वाढदिवसाला गेली तेव्हा तिथल्या काकूंना विचारत होती, "काकू, फोडणीला हिंग कुठला वापरता?" काकू जरा घाबरल्याच.

डॉक्टरांकडे परत

सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा टीटीजी. बरोबर हिमोग्लोबिन, लोह, ब 12, फॉलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. मोठ्यांनी हाडांची घनताही तपासावी. मुलांची उंची-वजन तक्त्यावर मांडून ठेवा. लेकीची उंची पहिल्या वर्षी, गिरणी सुटल्यावर, झपाट्याने वाढली. बरं वाटायला लागलं की "आता बरा झालाय, खाऊ दे एखादी पोळी" हा विचार येतो. हा आजार बरा होत नाही, शांत राहतो. कुठलंही औषध घेताना गोळीत गव्हाचा स्टार्च आहे का हे औषधवाल्याला विचारा.

तुमच्या घरी असा पाहुणा येणार असेल तर

हे शेजाऱ्यांसाठी. 16 मे हा आंतरराष्ट्रीय सीलिॲक दिवस असतो, त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मी एवढाच भाग पाठवते.

वेगळा स्वयंपाक करू नका. दडपण येतं, आम्हालाही. घरी केलेलं दही, धुतलेली फळं, तुमच्या देखत कुकरमधून काढलेला पांढरा भात पुरतो. वाढताना भाताला नवा चमचा घ्या. आम्ही स्वतःचा डबा उघडला तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्याबरोबर बसून जेवा. हिंगाची डबी दाखवा म्हटलं तर दाखवा. मुलाला परस्पर काही देऊ नका, आधी त्याच्या आईकडे बघा. निघताना हातावर पेढा चालतो, फक्त त्याच बॉक्समध्ये शेजारी बालुशाही नको.